जपानमधून परतणाऱ्या कामगारांचे निवृत्तिवेतन

जपानमधील एखाद्या कारखान्यात अथवा संगणक कंपनीत चार-पाच वर्षे काम करून मायदेशी निघालेल्या माणसाचे शेवटचे काही दिवस धावपळीत जातात. घरमालकाचा हिशेब, वीज व पाण्याची देणी, बँकेतील खाते, नगरपालिकेत द्यावयाची स्थलांतराची सूचना आणि विमानाचे तिकीट या गडबडीत एका कागदाकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. तो कागद म्हणजे त्याच्या निवृत्तिवेतन क्रमांकाची नोंद. दरमहा वेतनातून कापली गेलेली वर्गणी या क्रमांकावर जमा झालेली असते. देश सोडल्यानंतर या वर्गणीचे काय होते, ती परत मिळते काय, आणि मिळत असल्यास ती घेणे हिताचे आहे काय, हे प्रश्न आज महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांच्या दृष्टीने महत्त्वाचे झाले आहेत. पुणे परिसरातील जपानी कंपन्यांशी संबंध आलेले अभियंते, संगणक क्षेत्रातील तंत्रज्ञ, तसेच अलीकडच्या वर्षांत प्रशिक्षणार्थी आणि कुशल कामगार म्हणून जाणारे तरुण या सर्वांनाच या प्रश्नाला सामोरे जावे लागते.

सर्वांना सक्तीची योजना

जपानमध्ये सार्वजनिक निवृत्तिवेतनाच्या दोन पातळ्या आहेत. पहिली राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना. तिचा कायदा १९५९ मध्ये झाला व १९६१ पासून वर्गणी घेण्यास प्रारंभ झाला. दुसरी नोकरदारांची निवृत्तिवेतन विमा योजना. तिचा उगम दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील, १९४२ मध्ये लागू झालेल्या कामगार योजनेत आहे. १९८५ च्या सुधारणेने या दोहोंची सांगड घालण्यात आली. त्यामुळे १९८६ पासून प्रत्येकाला तळाशी समान दराचे मूळ निवृत्तिवेतन, आणि नोकरदाराला त्यावर त्याच्या वेतनाच्या प्रमाणात वाढीव निवृत्तिवेतन अशी रचना अस्तित्वात आली.

राष्ट्रीय योजनेत प्रारंभी नागरिकत्वाची अट होती. निर्वासितांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात जपान सामील झाल्यावर १९८२ मध्ये ती काढून टाकण्यात आली. तेव्हापासून देशात वास्तव्य असलेल्या वीस ते साठ वर्षे वयाच्या परकीय व्यक्तीलाही ही योजना सक्तीची आहे. नोकरदारांच्या योजनेची वर्गणी २०१७ च्या सप्टेंबरपासून प्रमाणित वेतनाच्या १८.३ टक्के इतकी स्थिर करण्यात आली. तिच्यातील निम्मी, म्हणजे ९.१५ टक्के, कामगाराच्या वेतनातून जाते व निम्मी मालक भरतो. बोनसवरही हाच दर लागू असतो.

खरी अडचण पात्रतेच्या कालावधीत होती. २०१७ च्या ऑगस्टपूर्वी निवृत्तिवेतनाचा हक्क मिळविण्यासाठी किमान २५ वर्षांची नोंद आवश्यक असे. तीन वा पाच वर्षांच्या प्रवेशपत्रावर आलेल्या परकीय कामगाराने इतकी वर्षे पुरी करणे शक्यच नव्हते. तो भरत असलेली वर्गणी त्याच्यापुरती वाया जाणार हे उघड होते. या अन्यायाविषयी तक्रारी वाढल्यावर १९९४ च्या कायदादुरुस्तीने देश सोडणाऱ्या परकीयांसाठी एकरकमी परताव्याची तरतूद करण्यात आली व १९९५ पासून ती अमलात आली. पुढे २०१७ मध्ये पात्रतेचा कालावधी २५ वरून १० वर्षांवर आणला गेला. तरीही अल्पकाळ काम करणाऱ्यांच्या दृष्टीने हा परतावाच आजपर्यंत मुख्य आधार राहिला आहे.

परतावा कोणाला मिळतो

परताव्यासाठी अर्जदार जपानी नागरिक नसावा, त्याने किमान सहा महिने वर्गणी भरलेली असावी, त्याचा जपानमध्ये नोंदलेला पत्ता उरलेला नसावा, दहा वर्षांची पात्रता त्याने पुरी केलेली नसावी, आणि अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनासह कोणत्याही लाभाचा हक्क त्याला पूर्वी कधी प्राप्त झालेला नसावा, अशा अटी आहेत. अर्ज जपानमधील पत्ता रद्द झाल्यापासून दोन वर्षांच्या आत करावा लागतो. ही मुदत चुकली की हक्क संपतो.

दहा वर्षे पुरी केलेल्या व्यक्तीला परतावा मिळत नाही, याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. तिला वयाच्या ६५ व्या वर्षापासून नियमित निवृत्तिवेतनाचा हक्क असतो आणि ते भारतात राहूनही घेता येते.

परताव्याची रक्कम ठरविण्याची पद्धत सोपी आहे. कामगाराच्या सरासरी प्रमाणित वेतनाला एका गुणकाने गुणावयाचे. हा गुणक वर्गणीच्या निम्म्या दरावरून व महिन्यांच्या संख्येवरून काढला जातो: सहा महिन्यांच्या नोंदीला ०.५, एका वर्षाला १.१, दोन वर्षांना २.२, तीन वर्षांना ३.३ आणि पाच वर्षांना ५.५. याचा सरळ अर्थ असा की, कामगाराला त्याचा स्वतःचा वाटा जवळजवळ पूर्ण परत मिळतो, मालकाने भरलेला वाटा मात्र योजनेतच राहतो. या काळात अपंगत्व अथवा मृत्यू ओढवला असता तर योजनेने भार उचलला असता, ही गोष्ट लक्षात घेता या व्यवस्थेला अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही. परंतु मालकाचा वाटा हा देखील कामगाराच्या श्रमाचाच मोबदला होय, हेही तितकेच खरे.

विद्यार्थी, स्वतंत्र व्यवसाय करणारे व इतर जे राष्ट्रीय योजनेत स्वतः वर्गणी भरतात, त्यांना साधारणतः भरलेल्या रकमेच्या निम्मी परत मिळते. त्यांच्या बाबतीत मालक नसतो. तेव्हा निम्मी कपात ही त्यांच्या स्वतःच्या खिशातूनच होते.

आठ वर्षांचा हिशेब

परतावा मोजताना किती महिने धरावयाचे यावर कमाल मर्यादा आहे आणि अनेकांची फसगत येथेच होते. प्रारंभी ही मर्यादा ३६ महिन्यांची होती. २०१९ च्या एप्रिलमध्ये विशिष्ट कुशल कामगारांसाठी पाच वर्षांपर्यंतच्या वास्तव्याचा नवा प्रवर्ग सुरू झाला. त्यानंतर २०२१ च्या एप्रिलपासून ती ६० महिन्यांची करण्यात आली. २०२५ च्या जूनमध्ये मंजूर झालेल्या निवृत्तिवेतन सुधारणेबरोबर ती आठ वर्षांपर्यंत नेण्याचे ठरले. कौशल्यविकासासाठीची तीन वर्षे आणि त्यापुढील कुशल कामगार म्हणून पाच वर्षे, असा नव्या धोरणातील सलग वास्तव्याचा हिशेब या आठ वर्षांमागे आहे. ही सुधारणा टप्प्याटप्प्याने अमलात यावयाची असल्याने, निघणाऱ्याने आपल्या तारखेस कोणती मर्यादा लागू आहे याची खात्री करून घेणे आवश्यक आहे.

साठ महिन्यांची मर्यादा लागू असता काय घडते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. दरमहा सरासरी ३ लाख येन प्रमाणित वेतन असलेल्या कामगाराच्या वेतनातून महिन्याला २७,४५० येन कापले जातात. पाच वर्षांत ही रक्कम १६ लाख ४७ हजार येन होते आणि ५.५ या गुणकाने परतावा १६ लाख ५० हजार येन मिळतो. येथवर हिशेब बरोबर जुळतो. आता हाच कामगार आठ वर्षे राहिला असे समजू. त्याचा वाटा २६ लाख ३५ हजार २०० येन झालेला असेल. परतावा मात्र १६ लाख ५० हजार येनच मिळेल. जवळजवळ १० लाख येन त्याच्या हातून गेले.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. परतावा घेताच, ज्या कालावधीची रक्कम मिळाली तेवढाच नव्हे, तर त्याआधीचा वर्गणीचा सर्व कालावधी नोंदीतून पुसला जातो. आठ वर्षांपैकी पाच वर्षांचे पैसे मिळाले म्हणून उरलेली तीन वर्षे शिल्लक राहतात, अशी समजूत करून घेऊन अर्ज करणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. काही वर्षांनी तो पुन्हा जपानमध्ये नोकरीस गेला, तर दहा वर्षांची मोजणी शून्यापासून सुरू होते. देशात परत येण्याची परवानगी कायम ठेवून बाहेर पडणाऱ्यांना त्या परवानगीच्या मुदतीत परतावा देऊ नये, ही २०२५ च्या कायद्यातील तरतूद याच अनुभवातून आली आहे. परतावा घेऊन पुन्हा परतणारे लोक म्हातारपणी निवृत्तिवेतनावाचून राहतात, ही चिंता तिच्यामागे आहे.

भारत-जपान कराराने झालेला बदल

आठ वर्षे काम केलेल्या माणसाला दहा वर्षांची अट पुरी करता येत नाही, मग परतावा घेण्यावाचून त्याला दुसरा मार्ग कोणता, असे कोणी विचारील. १ ऑक्टोबर २०१६ पूर्वी या प्रश्नाला उत्तर नव्हते. त्या दिवशी भारत व जपान यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार अमलात आला. या करारावर १६ नोव्हेंबर २०१२ रोजी स्वाक्षऱ्या झाल्या होत्या.

कराराचे मुख्य सूत्र असे की, पात्रता ठरविताना दोन्ही देशांतील कालावधी एकत्र मोजले जातात. जपानमधील आठ वर्षांना भारतातील निवृत्तिवेतन योजनेतील दोन वर्षांची जोड मिळाली की दहा वर्षांची अट पुरी होते. मात्र पैसे एकत्र होत नाहीत. जपान केवळ आपल्याकडील आठ वर्षांचे निवृत्तिवेतन देतो, भारत आपल्याकडील कालावधीचे. हीच सोय उलट दिशेनेही आहे. आपल्याकडील १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतही दहा वर्षांच्या सेवेची अट आहे आणि ती भरून काढण्यास जपानमधील वर्षे उपयोगी पडतात.

वरील उदाहरणातील कामगाराने परतावा न घेता कालावधी तसाच राखून ठेवला तर त्याला काय मिळेल? पूर्ण ४० वर्षांच्या वर्गणीवर मिळणारे मूळ निवृत्तिवेतन २०२५-२६ या वर्षी ८ लाख ३१ हजार ७०० येन इतके होते. आठ वर्षे म्हणजे त्याचा पाचवा हिस्सा, सुमारे १ लाख ६६ हजार येन. वेतनाच्या प्रमाणातील भाग, दरमहा दर हजारी ५.४८१ या दराने, सुमारे १ लाख ५८ हजार येन. दोन्ही मिळून वर्षाला सुमारे ३ लाख २४ हजार येन होतात. म्हणजे परताव्याची सगळी रक्कम निवृत्तिवेतनाच्या रूपाने सुमारे पाच वर्षांत वसूल होते आणि त्यानंतर ते हयातभर चालू राहते. पाचच वर्षे काम केलेल्याच्या बाबतीत हेच निवृत्तिवेतन वर्षाला सुमारे २ लाख २ हजार येन भरते व परताव्याइतकी रक्कम हाती येण्यास आठ वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो.

अर्थात हा हिशेब एकतर्फी मांडणे योग्य नाही. तिशीतल्या तरुणाला ६५ व्या वर्षापर्यंत पस्तीस वर्षे थांबावयाचे असते. तोपर्यंत येनचा रुपयातील भाव काय असेल हे कोणासही सांगता येणार नाही. लोकसंख्येचे वाढते वयोमान लक्षात घेऊन जपानने २००४ मध्ये निवृत्तिवेतनाची वाढ रोखून धरणारी पद्धतही स्वीकारली आहे. गावी घर बांधावयाचे आहे, बहिणीचे लग्न आहे, जपानला जाण्यासाठी काढलेले कर्ज फेडावयाचे आहे, अशा माणसाला आजचे सोळा लाख येन हे उद्याच्या निवृत्तिवेतनापेक्षा मोलाचे वाटले तर त्यास नावे ठेवता येणार नाहीत. मात्र एकदा परतावा घेतला की तो कालावधी कराराखालीही मोजला जात नाही. जाणून केलेली निवड आणि एजंटाने पुढे केलेल्या अर्जावर केलेली सही यांत फरक आहे तो एवढाच; पण तो लहान नव्हे.

भारतीय कंपनीने पाठविलेले कर्मचारी

सर्वच भारतीयांना जपानमध्ये वर्गणी भरावी लागते असे नाही. भारतातील कंपनीने आपल्याच नोकरीत ठेवून पाच वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी पाठविलेला कर्मचारी करारानुसार भारताच्याच योजनेत राहतो. त्यासाठी भविष्य निर्वाह निधी संघटनेकडून योजनाव्याप्तीचा दाखला घ्यावा लागतो. हा दाखला दाखविला की जपानमधील निवृत्तिवेतनाची वर्गणी माफ होते. करार होण्यापूर्वी अशा कर्मचाऱ्यांसाठी दोन्ही देशांत वर्गणी भरावी लागे. जपानी कंपनीने थेट नोकरीवर घेतलेल्या व्यक्तीला मात्र ही सवलत नाही. तिला जपानचीच योजना लागू होते. आपण या दोहोंपैकी कोणत्या गटात मोडतो हे नेमणूकपत्र हाती येताच पाहणे चांगले.

इतर देशांतील व्यवस्था

भारताने असा पहिला करार बेल्जियमशी केला. तो २००९ च्या सप्टेंबरमध्ये अमलात आला. त्यानंतर फ्रान्स, नेदरलँड्स, दक्षिण कोरिया, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आदी देशांशी करार झाले. जर्मनीशी प्रथम केवळ पाठविलेल्या कर्मचाऱ्यांपुरता समझोता होता. २०१७ च्या मे महिन्यापासून व्यापक करार लागू आहे. जर्मनीत निवृत्तिवेतनाची पात्रता पाच वर्षांतच येते. त्याहून कमी काळ काम केलेल्या परकीयास परतावा मागता येतो, पण देश सोडल्यावर चोवीस महिने थांबावे लागते, आणि तेथेही कामगाराचा स्वतःचा वाटा तेवढा मिळतो.

अमेरिकेची स्थिती सर्वांत कठीण आहे. तेथे निवृत्तिवेतनासाठी वर्गणीच्या ४० तिमाह्या, म्हणजे किमान दहा वर्षे लागतात. तेथील सर्वपरिचित तात्पुरत्या कुशल कामगारांच्या प्रवेशपत्राची सर्वसाधारण कमाल मुदत मात्र सहा वर्षांची आहे. परताव्याची तरतूद नाही, आणि भारताशी करारही झालेला नाही. सहा वर्षे काम करून पुण्यास वा ठाण्यास परतणाऱ्या तंत्रज्ञाची वर्गणी म्हणून तेथेच राहते. भारत गेली अनेक वर्षे या कराराचा आग्रह धरीत आला आहे, तो याच कारणाने.

कोकण आणि गोव्यातून ज्या आखाती देशांत पिढ्यान्‌पिढ्या लोक जात आहेत, तेथे हा प्रश्न वेगळ्याच स्वरूपात उभा राहतो. तेथील सार्वजनिक निवृत्तिवेतन योजना नागरिकांसाठी असतात. परकीय कामगारास नोकरी संपताना सेवाकाळाच्या प्रमाणात मालकाकडून उपदान मिळते. वर्गणी कापली जात नाही, तेव्हा ती बुडण्याचा प्रश्न नाही. तथापि म्हातारपणीची तरतूद सर्वस्वी स्वतःच करावी लागते.

आपला देशही या बाबतीत केवळ मागणारा नाही. २००८ च्या ऑक्टोबरपासून भारतात काम करणाऱ्या परकीय नागरिकांना भविष्य निर्वाह निधीची योजना लागू करण्यात आली आणि २०१० मध्ये, कराराबाहेरील देशांच्या नागरिकांनी ५८ वर्षे वयापूर्वी ही रक्कम काढू नये असा नियम झाला. त्यामुळे करार करण्यास इतर देशांनाही कारण मिळाले, असे मानले जाते.

निघण्यापूर्वीची कामे

जपान सोडण्यापूर्वी नगरपालिकेत स्थलांतराची सूचना देणे हे पहिले काम होय. पत्ता रद्द झाल्याखेरीज परताव्याचा अर्ज विचारात घेतला जात नाही. अर्ज जपानच्या निवृत्तिवेतन सेवा संस्थेकडे टपालाने भारतातूनही पाठविता येतो. सोबत पारपत्राची प्रत, निवृत्तिवेतन क्रमांकाची नोंद आणि अर्जदाराच्या स्वतःच्या नावावरील बँक खात्याचा दाखला लागतो.

नोकरदारांच्या योजनेतील परताव्यातून २०.४२ टक्के प्राप्तिकर कापला जातो. १६ लाख ५० हजार येनमधून ३ लाख ३६ हजार ९३० येन वजा होऊन १३ लाख १३ हजार ७० येन हाती येतात. हा कर बहुधा मागून परत मिळू शकतो. परंतु त्यासाठी जपानमध्ये राहणाऱ्या एखाद्या व्यक्तीला करविषयक प्रतिनिधी नेमून तशी सूचना कर कार्यालयास द्यावी लागते. ही नेमणूक निघण्यापूर्वी केलेली बरी, कारण भारतात आल्यावर असा माणूस शोधणे अवघड जाते. कराच्या परतीचा अर्ज पाच वर्षांपर्यंत करता येतो. राष्ट्रीय योजनेतील परताव्यावर अशी कपात होत नाही.

ज्यांनी परतावा न घेण्याचे ठरविले, त्यांनी क्रमांकाचा कागद, वेतनपत्रके आणि नेमणूकपत्र जपून ठेवावीत व त्याची माहिती घरच्यांनाही द्यावी. निवृत्तिवेतन आपोआप सुरू होत नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि करारामुळे तो भारतातील भविष्य निर्वाह निधी संघटनेमार्फतही दाखल करता येतो. भारतातील नव्या नोकरीत आपण निवृत्तिवेतन योजनेचे सभासद झालो आहोत काय, याचीही चौकशी करावी. २०१४ च्या सप्टेंबरनंतर दरमहा पंधरा हजार रुपयांहून अधिक वेतनावर प्रथमच नोकरीस लागलेल्यांना भविष्य निर्वाह निधी मिळतो, निवृत्तिवेतन योजनेचे सभासदत्व मात्र मिळत नाही, असा नियम करण्यात आला होता. जपानमधील वर्षांना जोड देण्यासाठी भारतातील कालावधी हवा असेल, तर परताव्याची दोन वर्षांची मुदत संपण्यापूर्वीच या गोष्टीची लेखी खात्री करून घ्यावी लागेल.